घरच्या बागेत करवंद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वैशाखात त्र्यंबक रस्त्याने किंवा पेठ रस्त्याने नाशिक शहराबाहेर पडले, की पळसाच्या पानांच्या द्रोणांत काळीभोर करवंदे मांडून बसलेल्या बायका ठिकठिकाणी दिसू लागतात. द्रोण घेणाऱ्यांपैकी अनेक जण हे झुडूप आपल्या आवारात लावता येईल का, अशी चौकशी करतात. त्या चौकशीत नेहमी येणारे प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरे नाशिक शहर, त्याच्या कडेच्या वसाहती आणि आसपासची शेतघरे यांना धरून लिहिली आहेत. कोकणात किंवा विदर्भात हेच वेळापत्रक थोडे मागेपुढे होईल.

करवंद घरच्या बागेत लावण्यासारखे आहे का?

आहे, मात्र प्रत्येक बागेत नाही. करवंद हे सह्याद्रीच्या उतारांवरचे सदाहरित, काटेरी झुडूप आहे. मोकळ्या जागेत ते साधारणपणे दोन ते तीन मीटर उंच वाढते आणि जवळजवळ तेवढेच पसरते. रानात शेजारच्या झाडाचा आधार मिळाला, तर त्याच्या फांद्या त्याहूनही वर चढतात. पाने जाड, चकचकीत आणि समोरासमोर असतात. काटे जोडीने येतात, अनेकदा टोकाशी दुभंगलेले असतात आणि जून फांदीवर इतके कडक होतात, की चपलेच्या पातळ तळव्यातून सहज आत शिरतात. रो-हाउससमोरच्या आठ-दहा फुटांच्या पट्टीत, लहान मुलांच्या झोक्याशेजारी किंवा दुचाकी लावण्याच्या जागेलगत हे झुडूप लावू नये, असे स्पष्टच सांगितलेले बरे. याउलट ज्यांच्याकडे प्लॉटची मोकळी हद्द, शेतघराचा बांध किंवा मागच्या अंगणाचा उन्हाचा कोपरा आहे, त्यांना याहून कमी मागणारे आणि जास्त देणारे देशी झुडूप शोधावे लागेल.

नाशिकचे हवामान त्याला मानवते का?

नाशिक जिल्ह्यात करवंदाला कोणी आणून लावलेले नाही. अंजनेरी, ब्रह्मगिरी, इगतपुरी, हरसूल, सुरगाणा या भागांत ते आपोआप वाढते आणि त्याच्या जाळ्यांनी उतारच्या उतार भरलेले असतात. इगतपुरीच्या घाटमाथ्यावरचा धुवांधार पाऊस आणि सिन्नरकडचा तुटपुंजा पाऊस ही दोन्ही टोके ते सोसते. फक्त मुळांशी पाणी साचून राहिलेले त्याला चालत नाही. एप्रिल-मेमधल्या चाळीस अंशांच्या उन्हात वाढलेले झुडूप पानेही टाकत नाही. हिवाळ्यात निफाडकडे पारा फार खाली उतरतो, तेव्हा पहिल्या वर्षाच्या रोपांचे कोवळे शेंडे क्वचित करपतात. त्या रात्रींपुरते रोपांवर गोणपाट टाकावे. मोठ्या झुडपासाठी अशी कोणतीही तजवीज करावी लागत नाही.

रोपवाटिकेत ‘कॅरिसा’ म्हणून मिळणारे रोप हेच का?

बहुधा नाही, आणि फसगत येथेच होते. शोभेसाठी विकले जाणारे, बुटके, गर्द हिरवे आणि मोठ्या चांदणीसारख्या पांढऱ्या फुलांचे रोप ही दक्षिण आफ्रिकेतील वेगळी जात आहे. ते करवंदाचे सख्खे भावंड असले, तरी त्याचे फळ मोठे आणि पिकल्यावर लाल होते, आपल्या करवंदासारखे काळे होत नाही. शोभेचे झाड म्हणून त्यात काही उणे नाही, पण काळी मैना खाण्याच्या आशेने ते घेऊ नये.

दुसरा प्रकार बागायती करवंदाचा. त्याची फळे टपोरी असतात. काही वाणांत ती पांढरट-गुलाबी दिसतात. बेकरीतल्या केकवर आणि पानाच्या विड्यात जी लाल ‘चेरी’ घातली जाते, ती पुष्कळदा साखरेत मुरवून रंगवलेली हीच करवंदे असतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण बोल्ड’ हा मोठ्या फळांचा वाण दिला आहे, तर उत्तरेकडील पंतनगरच्या कृषी विद्यापीठाने ‘पंत मनोहर’, ‘पंत सुदर्शन’ आणि ‘पंत सुवर्णा’ हे वाण दिले आहेत. लोणचे आणि मुरंबा हाच हेतू असेल, तर बागायती वाण सोयीचा पडतो. नुसते तोंडात टाकून खाण्यासाठी मात्र रानातल्या लहान, काळ्या करवंदाचीच चव सरस आहे, असे माझे मत आहे.

ऑनलाइन मिळणारी विलायती गूजबेरी नाशिकला लावावी का?

लावू नये. युरोप-अमेरिकेतील जंगलांच्या कडेला वाढणाऱ्या त्या काटेरी झुडपाला फुलण्यासाठी हिवाळ्यात सात अंशांखालची थंडी शेकडो तास मिळावी लागते. नाशिकची थंडी कडक वाटली, तरी ती पहाटेपुरती असते. दुपारी ऊन तापतेच. त्यातून आपला उन्हाळा त्या झुडपाला सोसत नाही. जंगलकडेचे, काटेरी, आंबटगोड फळांचे झुडूप हवे असेल, तर आपल्याकडे ती जागा करवंदाने आधीच घेतलेली आहे.

डोंगरावरून एखादे रोप उपटून आणले तर?

दोन कारणांनी आणू नये. राखीव वनातून झाडे-रोपे उपटून नेणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. दुसरे कारण निव्वळ व्यवहाराचे आहे. करवंदाचे रोप हातभर उंच होईपर्यंत त्याचे मूळ मुरमात आणि दगडांच्या फटींत खोल गेलेले असते. ते उपटताना तुटतेच आणि असे रोप घरी आल्यावर पंधरवड्यात वाळते. ज्या रानातून ते आणले, तिथल्या कुटुंबांचे उन्हाळ्यातील चार पैसे याच जाळ्यांवर अवलंबून असतात, हेही लक्षात घ्यावे. द्रोणभर करवंदे विकत घ्यावीत. खाऊन झाल्यावर उरणाऱ्या बियांत पुरेशी रोपे असतात.

बियांपासून रोपे कशी करावीत?

या कामात उशीर चालत नाही, एवढे आधी मनावर घ्यावे. करवंदाच्या बियांची उगवणक्षमता फार झपाट्याने घटते. मे महिन्यात काढून डबीत ठेवलेले आणि पुढच्या वर्षी पेरलेले बी बहुतेक वाया जाते. निसर्गातही फळ वळवाच्या सरींच्या सुमारास गळते आणि बी लगेच ओल्या मातीत पडते. आपणही तोच क्रम पाळावा.

फळे पूर्ण काळी, मऊ आणि देठापासून सहज सुटणारी निवडावीत. देठाशी तांबूस राहिलेली घेऊ नयेत. फळ दोन बोटांत दाबले, की गरासोबत चपट्या, तपकिरी, मध्ये किंचित खोलगट अशा थोड्याच बिया बाहेर येतात. त्यांच्यावर चिकट गराचा थर असतो. तो तसाच राहिला, तर पिशवीत बुरशी धरते आणि मुंग्याही लागतात. म्हणून बिया चुलीच्या किंवा गोवरीच्या राखेत घोळून तळहातांनी चोळाव्यात, नंतर दोन-तीन पाण्यांनी धुवाव्यात. पाण्यावर तरंगणाऱ्या बिया पोचट समजून टाकून द्याव्यात. उरलेल्या सावलीत एक-दोन दिवस कागदावर पसरून ठेवाव्यात. उन्हात वाळवू नयेत.

पेरणीसाठी पोयट्याची माती, वाळू आणि कुजलेले शेणखत यांचे मिश्रण भरलेल्या रोपांच्या काळ्या पिशव्या घ्याव्यात आणि त्यांना तळाशी भोके असल्याची खात्री करावी. प्रत्येक पिशवीत दोन बिया एक सेंटिमीटर खोल टाकाव्यात. त्याहून खोल गेलेले बी सडण्याचा धोका असतो. पिशव्या सावलीच्या जाळीखाली किंवा आंब्याच्या विरळ सावलीत ठेवून माती ओलसर राखावी, चिखल करू नये. साधारण दोन ते चार आठवड्यांत कोंब दिसतात. दोन्ही बिया उगवल्या, तर दुबळे रोप कात्रीने कापावे. उपटले, तर दुसऱ्याचे मूळ हलते.

पहिले वर्ष संयमाचे आहे. पावसाळा सरताना रोप जेमतेम बोटभर असते आणि पुष्कळ लोक याच टप्प्यावर कंटाळून पाणी तोडतात किंवा उलट खताचा मारा करतात. दोन्ही करू नये. हिवाळा-उन्हाळा रोपे पिशवीतच सांभाळावीत आणि पुढच्या वर्षी मृगाचा पाऊस चांगला झाल्यावर जमिनीत लावावीत.

कलम करता येते का?

येते. एखाद्या झुडपाची फळे विशेष गोड असतील, तर त्याच झुडपाचे पुढचे झाड मिळवण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे गुटी कलम, कारण बियांपासून आलेल्या रोपांची फळे आईसारखीच निघतील असे नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीची साल गोलाकार काढून तिथे ओले शेवाळ बांधावे आणि वरून प्लॅस्टिक गुंडाळावे. साल काढताना पांढरा चीक भरपूर वाहतो. तो पुसून घेतल्यावरच शेवाळ बांधावे. नुसत्या फांद्या मातीत खोचून रोपे करण्याचा प्रयत्न मुळे फुटवणाऱ्या संजीवकाशिवाय फारसा यशस्वी होत नाही.

जागा कशी निवडावी?

दिवसातून किमान सहा तास ऊन मिळेल अशी. करवंद रानात वाढते म्हणजे त्याला सावली हवी, हा समज चुकीचा आहे. रानातही त्याच्या भरघोस जाळ्या मोकळ्या उतारांवर आणि झाडीच्या कडेला दिसतात. दाट झाडीखालचे करवंद उंच, विरळ आणि जवळजवळ निष्फळ असते. शेजाऱ्याच्या हद्दीपासून किमान एक मीटर आत लावावे. पाण्याचे मीटर, सेप्टिक टँकचे झाकण किंवा पंपाची कळ असे जिथे वरचेवर हात घालावा लागतो, अशा ठिकाणांपासून दूर ठेवावे.

आमच्याकडे काळी, चिकण जमीन आहे. तिथे काय करावे?

गोदाकाठच्या आणि निफाड-दिंडोरीकडच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी तुंबते आणि उन्हाळ्यात भेगा पडतात. दोन्ही गोष्टी करवंदाच्या मुळांना जाचक आहेत, पण त्यापैकी तुंबलेले पाणी झाड मारते. अशा जमिनीत खोल खड्डा करून त्यात खत भरणे म्हणजे मुळांशी हौद बांधून देणे होय. त्याऐवजी जमिनीच्या वर फूटभर उंचीचा, पसरट वरंबा करावा, त्यात निम्मा मुरूम मिसळावा आणि रोप त्या वरंब्यावर लावावे. ज्यांची जागा मुरमाड आहे त्यांनी स्वतःला सुदैवी समजावे. भाजीपाल्याला निरुपयोगी असलेली ती जमीन करवंदाला अगदी घरच्यासारखी आहे.

कुंपणासाठी किती अंतरावर लावावे?

दाट, जनावर न शिरेल असे कुंपण हवे असेल, तर पाऊण मीटर अंतरावर, शक्य असल्यास दोन ओळींत नागमोडी लावावे. फळांसाठी सुटे झुडूप हवे असेल, तर दोन झुडपांत तीन मीटर ठेवावे. कुंपण आणि फळे ही दोन्ही उद्दिष्टे एकाच ओळीकडून पूर्ण होतील, अशी अपेक्षा ठेवू नये. त्याचे कारण छाटणीच्या उत्तरात आले आहे. पहिली दोन वर्षे शेळ्यांपासून राखण करावी, कारण काटे कडक होण्याआधीचे कोवळे शेंडे त्या खुडतात.

पाणी आणि खत किती द्यावे?

पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा आळे भरून पाणी द्यावे आणि बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन करावे. तिसऱ्या वर्षापासून जमिनीतल्या झुडपाला पाण्याची गरज राहत नाही. शहरात झाडे दुष्काळाने कमी आणि नळीच्या पाण्याने जास्त मरतात. लॉनच्या तुषार सिंचनाच्या पट्ट्यात सापडलेले करवंद पाने पिवळी करून हळूहळू मागे सरते. खत म्हणून जूनच्या सुरुवातीला दोन-तीन घमेली कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत पुरते. युरिया घालू नये.

फळे केव्हा धरतात? आमचे झुडूप हिरवेगार आहे, पण फुलतच नाही.

बियांपासून केलेले झुडूप साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी फुलू लागते, कलमाचे त्याआधी. माघ-फाल्गुनात फांद्यांच्या टोकांशी पांढऱ्या, मंद सुवासाच्या फुलांचे घोस येतात आणि एप्रिल-मेमध्ये फळे पिकतात.

चार वर्षे होऊनही फुले नसतील, तर तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे ऊन. शेजारी नवी इमारत उभी राहिली आणि झुडूप सावलीत गेले, असे नाशिकमध्ये हल्ली वारंवार घडते; त्यावर झुडपाच्या पातळीवर इलाज नाही. दुसरी म्हणजे हिवाळ्यातील पाणी आणि नत्रयुक्त खत, ज्यांमुळे झुडूप पालवीतच रमते. दिवाळीनंतर पाणी पूर्ण बंद करून पाहावे. तिसरी आणि सर्वांत नेहमीची म्हणजे अवेळी छाटणी.

छाटणी केव्हा करावी?

फळे संपल्यावर, म्हणजे जूनमध्ये, आणि वर्षातून एकदाच. पावसाळ्यात फुटणाऱ्या नव्या फांद्यांच्या टोकांवर पुढची फुले येतात. माळी दर महिन्याला मेंदीच्या कुंपणासारखी करवंदाची वरची बाजू सपाट कापत असेल, तर तो दर महिन्याला पुढच्या उन्हाळ्याची करवंदे कापत असतो. सोसायटीच्या आवारात ही सूचना माळीदादांना तोंडी सांगून भागत नाही. जुलै ते मे या काळात कात्री लावायची नाही, हे झुडपाशेजारी पाटीवर लिहून ठेवणे उत्तम.

छाटताना वाळलेल्या आणि आत वळलेल्या फांद्या बुंध्यापासून काढाव्यात, म्हणजे मध्यभागी हवा खेळते. जाड चामडी हातमोजे आणि चष्मा वापरावा. कापलेल्या फांद्या त्याच दिवशी गोळा कराव्यात. गवतात राहिलेला वाळका काटा पुढे महिनोन्महिने पायांत आणि टायरांत शिरत राहतो, आणि पायात मोडलेले टोक पिकते.

कोणत्या किडी-रोगांची काळजी घ्यावी?

फार नाही. पावसाळ्यात कधीकधी मोठी, हिरवी, शेपटीवर शिंगासारखा आकडा असलेली अळी पाने खाताना दिसते. ही कण्हेरीवरही येणारी पतंगाची अळी आहे. ती झुडूप मारत नाही, तेव्हा तिला राहू द्यावे. कोवळ्या फांद्यांवर खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण दिसल्यास फांदी कापून टाकावी आणि निंबोळी अर्क फवारावा. सततच्या पावसात पानांवर करप्याचे ठिपके पडतात. झुडूप मोकळे असेल, तर ते पावसाबरोबर जातात. शेंडे वरून खाली वाळत आले, तर आधी निचरा पाहावा, औषधाचे दुकान नंतर.

करवंदाचा चीक विषारी असतो का? घरात लहान मुले आहेत.

करवंद कण्हेर, रुई आणि सदाफुली यांच्या कुळातले आहे आणि त्या कुळात विषारी वनस्पती बऱ्याच आहेत, त्यामुळे शंका रास्त आहे. पिकलेली करवंदे पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जातात आणि कच्च्या करवंदांचे लोणचे घालतात, त्यामुळे फळाविषयी चिंता नको. अर्धवट पिकलेले फळ चावल्यास चिकाने ओठ चिकटतात आणि घशात खवखवते, तेवढेच. पाने, साल व मूळ मात्र तोंडात घालू देऊ नये आणि चिकाचा हात डोळ्यांना लागू देऊ नये.

खरा धोका ओळखीच्या चुकीचा आहे. घाणेरीचीही फळे काळी आणि लहान असतात. ती झुबक्याने येतात आणि मण्याएवढी बारीक असतात. करवंद सुटे किंवा दोन-चारांच्या घोसात लटकते आणि तोडताच देठाशी पांढरा चीक दिसतो. मुलांना हा फरक झुडपाजवळ उभे करून दाखवावा. करवंद फोडून आतला गर लाल निघाला तर ‘कोंबडा’, पांढरट निघाला तर ‘कोंबडी’ हा खेळही त्यांना शिकवावा. त्या निमित्ताने प्रत्येक फळ तोंडात जाण्याआधी फोडून पाहिले जाते.

गच्चीवर ड्रममध्ये वाढेल का?

वाढेल. अर्धा कापलेला मोठा ड्रम, तळाशी भरपूर भोके आणि मुरूममिश्रित माती एवढे जमवावे. फळे मूठ-दोन मुठीच मिळतील आणि जमिनीतल्या झुडपासारखे त्याला पाण्याविना ठेवता येणार नाही.

पक्षी सगळी फळे खातात. जाळी टाकावी का?

लालबुड्या बुलबुल आणि कोकीळ वाटा घेतातच, पण झुडूप मोठे झाले, की सर्वांना पुरते. जाळी टाकू नये. तिच्यात पक्षी अडकतात आणि काट्यांत गुंतलेली जाळी काढणे हे वेगळेच संकट होऊन बसते. काटेरी जाळीच्या पोटात बुलबुल घरटे करतो, म्हणून जूनच्या छाटणीआधी आत डोकावून पाहावे आणि घरटे असल्यास तेवढी बाजू सोडून द्यावी.

फळे केव्हा तोडावीत आणि त्यांचे काय करावे?

करवंदे एकदम पिकत नाहीत, त्यामुळे दोन-तीन दिवसांआड तोडावी लागतात. खाण्यासाठी पूर्ण काळी, लोणच्यासाठी हिरवी आणि घट्ट, जेलीसाठी तांबूस झालेली निवडावीत. पूर्ण पिकण्याच्या किंचित आधी त्यांत जेली घट्ट बसवणारे पेक्टिन चांगले असते. पहिल्या मोठ्या पावसानंतर फळे पाणचट होतात आणि त्यांत अळ्या सापडू लागतात, म्हणून जाणती माणसे त्यानंतर करवंदाला हात लावत नाहीत.

हिरवी करवंदे चिरण्याआधी मिठाच्या पाण्यात तासभर ठेवावीत आणि सुरीला व बोटांना गोडेतेल लावावे. तरीही पाते चिकटले, तर ते पाण्याने घासत बसू नये. आधी तेलाच्या फडक्याने चीक पुसावा आणि मगच साबण लावावा.